देवीलाही राग आला होता

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका घरी बाराव्याला गेलो होतो. घरचा कर्ता पन्नाशीच्या आतच गेलेला. अंगणात मंडपाखाली आम्ही पुरुष, आत बायका, आणि मधल्या दाराशी त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली. मधूनच तिला हुंदका येई आणि लगेच ती पदराचा बोळा तोंडाशी धरी. शेजारी बसलेली सत्संगातली एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत सारखी सांगत होती, "रडूं नाका गो बाय. तूं रडल्यार ताच्या आत्म्याक त्रास जाता. पॉझिटिव्ह राव." हात मायेचा होता, त्यात शंका नाही. थोड्या वेळाने त्याची बायको उठली आणि कुणाला चहा मिळाला, कुणाला नाही, याची चौकशी करू लागली. मंडपात सगळे एकमुखाने म्हणाले, बाई मोठ्या धीराची.

मला तो धीर वाटला नाही. नवरा जाऊन दोन आठवडे झाले नाहीत तोवर तिला रडण्याची चोरी झाली होती, एवढंच मला दिसलं.

"रडू नये" हे वचन काही सत्संगातल्या त्या बाईने स्वतःच्या मनाने काढलेलं नाही. आप्तांनी गाळलेले अश्रू आणि शेंबूड प्रेताला नाइलाजाने खावे लागतात, म्हणून रडत न बसता क्रिया कराव्यात, असं याज्ञवल्क्यस्मृतीतच आहे. पण ज्या व्यवस्थेत हे वचन आलं तिने शोकाला सुतकाचे दिवसही राखून ठेवले होते. त्या दिवसांत घरच्यांनी कामाला जायचं नाही, देवपूजा करायची नाही, सणसमारंभ नाही. कित्येक घरांत चूलही पेटत नसे, जेवण शेजारून यायचं. म्हणजे माणूस मोडला आहे हे सगळ्या गावाने मान्य केलेलं असायचं. आता सुतक तीन दिवसांवर आलं, चौथ्या दिवशी कामावरून फोन येतो, आणि वचन मात्र तेवढं शिल्लक राहिलं. सवलत गेली, हुकूम राहिला.

अध्यात्माचा हा नवा सूर गोव्यात दोन दिशांनी येतो. एक गावातल्या सत्संगातून आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सूर्योदयाच्या चित्रांतून: नकारात्मक विचार काढून टाका, आनंदी राहा, राग हा साधकाचा शत्रू. दुसरा किनाऱ्यावरून. हरमल, मांद्रे, आश्वे, तिकडे काणकोणात पाळोळे, पाटणे, आगोंद, जिथे जाल तिथे योगाच्या आणि 'हीलिंग'च्या पाट्या. तिथली भाषा इंग्रजी, दर परदेशी, पण शिकवण बरीचशी तीच: वाईट वाटतंय ते तुमच्यातल्या 'लो एनर्जी'मुळे, ती सोडून द्या. अशाच एका जागी चादरी धुणारी बाई मला म्हणाली होती, "सगळें सोडून दी म्हणटात. भाडें मात कोण सोडीना."

या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्यांची मी थट्टा करत नाही. माणूस तिथे जातो तो बहुधा काहीतरी सोसवेनासं झाल्यावरच. माझा आक्षेप त्यांना दारात मिळणाऱ्या पहिल्या उपदेशावर आहे. मनात अंधारं काही उठलं की ती तुमच्या साधनेतली खोट, असं एकदा ठरवलं की साधक दोन कामं करायला शिकतो. ते लपवायला, आणि ज्यांना लपवता येत नाही त्यांना कमी लेखायला.

आता समोरची बाजू. षड्‌रिपूंची कल्पना आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश ही गीतेतली उतरंड लहानपणी अनेकांनी पाठ केलेली असते. पतंजली तर थेट सांगतो की हिंसेचे वगैरे विचार त्रास देऊ लागले तर उलट विचार मनात आणावा. मग "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांचं चुकलं कुठे? चुकलं ते घाईत. पाचव्या अध्यायात गीता म्हणते, शरीर सुटण्यापूर्वी काम आणि क्रोध यांचा वेग जो इथेच सोसू शकतो तो योगी, तो सुखी. सोसायला आधी वेग यावा लागतो, आणि आला आहे हे कबूल करावं लागतं. दाताखाली जीभ धरून "मला कुठे राग आलाय?" म्हणणारा माणूस काहीच सोसत नसतो. त्याच्या जागी ते सोसायला घरातली माणसं असतात.

मानसशास्त्राचा अनुभवही यापेक्षा वेगळा नाही. १९८७ साली डॅनिअल वेग्नर या अमेरिकन संशोधकाने काही जणांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल हटेना. आणि आता हवा तेवढा विचार करा म्हटल्यावर, ज्यांनी आधी तो दडपला होता त्यांच्या मनात ते इतरांपेक्षा जास्त वेळा येऊ लागलं. पुढे जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी चेहऱ्यावर भावना दिसू न देण्याचे प्रयोग केले. चेहरा शांत राहिला, पण आतली वाईट वाटण्याची भावना कमी झाली नाही, उलट हृदयावरचा आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला. अध्यात्माचा आधार घेऊन मनातली जुनी दुखणी टाळण्याच्या सवयीला जॉन वेलवुड या मानसशास्त्रज्ञाने १९८४ सालीच नाव दिलं होतं, आणि तो स्वतः ध्यानमार्गातलाच होता. बाहेरच्या टीकाकाराचं ते बोट नव्हतं.

पण मग राग बाहेर काढला की मोकळं वाटतं, हेही तितकंसं खरं नाही. हल्ली किनाऱ्यावर याचीही शिबिरं असतात: उशा बडवा, किंकाळ्या फोडा, 'शॅडो'ला, म्हणजे मनाच्या अंधाऱ्या बाजूला, मिठी मारा. ब्रॅड बुशमन याचा २००२ सालचा प्रयोग आहे. चिडलेल्या लोकांपैकी ज्यांनी चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅग बडवली, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. काहीच न करता नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. म्हणजे कोंडून भागत नाही आणि उधळूनही भागत नाही. खाडीकाठची, बांध घालून राखलेली खाजन शेती पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. खाऱ्या पाण्याला बांध हवाच, पण बांधात मानसही, म्हणजे पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी दारंही, लागतं. भरतीला त्याची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी वाट काढतं. मानस बुजवून नुसता बांध उंच करत गेलं तर आत साचलेल्या पाण्यातच पीक कुजतं.

आता माझा मुद्दा. दडपणं आणि उधळणं यांच्यामधली जी वाट आज पुस्तकांत आणि शिबिरांत शोधली जाते, ती आपल्या गावांच्या देवळांत आधीपासून पडलेली आहे. तिच्यात दोन गोष्टी आहेत, जागा आणि मर्यादा. अंधाऱ्या भावनेला जागा द्यायची, आणि त्या जागेला वेळेची, स्थळाची, नियमांची सीमा घालायची. संतुलन म्हणजे तराजूत अर्धा आनंद नि अर्धं दुःख तोलणं नव्हे. ज्याची जागा जिथे, तिथे ते असणं.

शिरगावच्या लईराई देवीची कथाच घ्या. सात बहिणी आणि एक भाऊ. देवीने खेतोबाला विस्तव आणायला पाठवलं, तो वाटेत पोरांच्या खेळात रमला. उशीर झाला, देवी संतापली आणि तिने भावाला लाथ हाणली. मग पश्चात्ताप झाला, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून ती निखाऱ्यांवरून चालली. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण राग आणि पश्चात्ताप बदलत नाहीत. याच बहिणींपैकी मिराबाय म्हणजे म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मेरीमाता, असं लोक मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, जमतात. आधी व्रत पाळायचं, सोवळ्यात राहायचं, तळीत आंघोळ करायची, हातात वेत, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार. रात्री होमखण पेटतं आणि पहाटेच्या सुमाराला हजारो पायांखालून ते निखारे जातात.

या कथेत मला मोलाचं वाटतं ते हे, की देवीचा राग कुणी पुसून टाकला नाही. तो तिचा मोठेपणा म्हणूनही सांगितला जात नाही. तो चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसावर निघाला, त्याची किंमत तिने मोजली. देवत्व त्याने उणावलं नाही. जिची देवता स्वतः चिडते, चुकते आणि आगीवरून चालते, त्या बाईला आपल्या मनातल्या संतापाची लाज वाटण्याचं कारण काय?

दुसरी गोष्ट गाऱ्हाण्याची. पेडणे, डिचोली, सत्तरीत, आणि पलीकडे सिंधुदुर्गातही, देवासमोर गुरव किंवा मानकरी गाऱ्हाणं घालतो तेव्हा ते प्रार्थनेच्या हळुवार आवाजात नसतं. कुणाच्या घरी काय अडलं, कोण आजारी, कुणाचा मुलगा घर सोडून गेला, हे मोठ्याने, नाव घेऊन, चारचौघांत देवाच्या कानावर घातलं जातं. प्रत्येक वाक्यामागे जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग कौल लावायचा. मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या चिकटवलेल्या असतात, उजवी पडली की एक उत्तर, डावी पडली की दुसरं, आणि पडेपर्यंत माणूस हात जोडून, नजर न हलवता उभा. पाकळीला काय कळतं असा प्रश्न मलाही पडतो. पण त्या दहा-पंधरा मिनिटांत एका घराची चिंता सगळ्या गावाने तोंडाने "व्हय" म्हणून मान्य केलेली असते. "पॉझिटिव्ह राव" या उपदेशात नेमका हा "व्हय" गायब आहे.

आणि वेताळ. गोव्यातल्या वेताळाच्या जुन्या दगडी मूर्ती कुणी पाहिल्या असतील तर आठवा: पोट खपाटीला गेलेलं, फासळ्या मोजता येतील अशा, पोटावर विंचू कोरलेला. किती गावांचा तो ग्रामदेव आहे! देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदार भुताला, वेशीवर रोट आणि दारू मिळते. त्याला घरात कुणी घेत नाही, पण त्याचा हिस्साही कुणी चुकवत नाही. डिचोलीतल्या साळ गावात होळीनंतर तीन रात्री गड्यांचा, म्हणजे अंगात संचार येणाऱ्यांचा, उत्सव असतो. त्या रात्रींना अंधार, स्मशान, भुतं यांचं राज्य, आणि मग रात्री सरतात नि गाव कामाला लागतं. भयाला वर्षातल्या तीन रात्री दिल्या आहेत. उरलेल्या रात्री नाहीत.

हे सगळं निर्मळ आहे असा आव मी आणणार नाही. ज्या गाऱ्हाण्याने दुःख हलकं होतं, तेच शेजाऱ्यावर उलटवता येतं. हद्दीच्या भांडणात नारळ ठेवून "त्याचं वाटोळं कर" म्हणणारे महाभाग प्रत्येक गावात सापडतील. अवसराच्या, म्हणजे अंगात आलेल्या माणसाच्या, तोंडून एखाद्या विधवेवर करणीचा ठपका आला की तिचं जगणं कसं होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. मान कुणाचा, गाभाऱ्यात कोण आणि उंबऱ्याबाहेर कोण, हे अजून जातीवर ठरतं, आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालणारा बहुतेक वेळा पुरुषच असतो. म्हणून मी जुनं जसंच्या तसं परत आणा म्हणत नाही. भावनेला जागा आणि मर्यादा, एवढंच त्यातून घ्यायचं आहे.

भक्तिमार्गाने ते घेतलंही होतं. नारदाच्या भक्तिसूत्रांत ६५ वं सूत्र स्पष्ट सांगतं की सगळे आचार देवाला अर्पण केल्यावर काम, क्रोध, अभिमान हेही त्याच्याच ठायी करावेत. टाकून द्या असं म्हटलेलं नाही, पत्ता बदला म्हटलं आहे. भागवत तर कंसाला भयाने आणि शिशुपालाला द्वेषानेही तारून नेतं. जनाबाईने विठ्ठलाला ज्या शिव्या घातल्या त्या आज एखाद्या सत्संगाच्या ग्रुपवर टाकल्या तर अ‍ॅडमिन तिला काढून टाकेल. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला, आणि पुढे देवाशी भांडताना कसलाही मुलाहिजा ठेवला नाही. ही माणसं साधनेत कच्ची होती असं म्हणायची कुणाची छाती आहे? आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मोतेत, म्हणजे येशूच्या यातनांची शोकगीतं, गातात. ते ऐकताना कुणी कुणाला चेहरा हसरा ठेवायला सांगत नाही.

उजेडाच्या बाजूबद्दलही एक सांगायला हवं, कारण त्यावर फारसं कुणी बोलत नाही. प्रसन्नता, उत्साह, ध्यानातला आनंद यांनाही बांध लागतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, पण ते चोवीस तासांनी संपतं आणि माणसं आपापल्या घरी जातात. ज्याचा सप्ताह संपतच नाही अशा साधकाला मी घाबरतो. एका शिबिरातून दुसऱ्या शिबिरात जाणारा, घरी म्हातारी आई औषधाची वाट पाहत असताना आनंदलहरींत असलेला. त्याला कुणी टोकलं तर तो रागावतही नाही, नुसता करुणेने हसतो. त्या हसण्यात अहंकार किती असतो, ते त्याच्या घरच्यांना विचारावं.

हा प्रश्न घराघरातला वाटला तरी तो सार्वजनिक आहे. २०२५ साली ३ मेच्या पहाटे लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. नंतरच्या दिवसांत एक वाक्य माझ्या कानावर आलं: "देवीच्या दारांत मरण आयलें, भाग्यवंत." बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असेल. पण त्या वाक्याने वाट अरुंद का होती, गर्दी वळवायला माणसं किती होती, हे प्रश्न अश्रद्ध ठरतात. सरकारने चौकशी समिती नेमली. अशा समितीचं पुढे काय झालं हे विचारत राहायलाही राग लागतो, आणि तो वर्षभर पुरवावा लागतो. ग्रामसभेत तेच. डोंगरकापणी, कोळशाची वाहतूक, म्हादईचं पाणी, यांवर आवाज चढला की कुणीतरी ज्येष्ठ उठून शांतीचं महत्त्व सांगतो. शांती त्याच्या घराला परवडते, कारण बुलडोझर त्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, आलेला नसतो. क्रोधाला गीतेने नरकाचं दार म्हटलं ते खरं, पण ज्या अर्जुनाला ते सांगितलं त्याला शेवटी रणांगणातून घरी पाठवलं नाही.

एका ठिकाणी मात्र देऊळही पुरत नाही आणि साधनाही. दुःख महिनोन्‌महिने हटत नाही, झोप उडते, जेवण सुटतं, जगणं नको वाटतं, तेव्हा तो भावनेचा प्रश्न राहत नाही, तो आजार असतो. ध्यान करतानाही काहींना तीव्र भीती, घबराट, वास्तवाचं भान सुटणं असे अनुभव येतात, आणि २०१७ साली विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी ते साधकांकडूनच ऐकून मांडले आहेत. किनाऱ्यावरच्या किती शिबिरांत हे आधी सांगितलं जातं? पर्यटन खात्याने खोल्यांचे नि अग्निशमनाचे दाखले तपासताना हेही विचारायला हरकत नाही: माणूस कोसळला तर तुम्ही कुणाला बोलावता?

आणि या बाबतीत गोव्याला लाज वाटण्यासारखं काही नाही. 'संगात' ही संस्था १९९६ पासून इथे काम करते आहे. तिने डॉक्टर नसलेल्या साध्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. तीव्र नैराश्यातल्या माणसांनाही मोजक्या भेटींत त्याचा गुण येतो, हे त्यांच्या चाचणीत दिसलं आणि 'द लॅन्सेट'ने ते छापलं. जगभर त्या कामाचा दाखला देतात. बसून ऐकणारा, मान हलवणारा आणि मग उद्या सकाळी उठून काय करायचं ते एकेक पायरीने ठरवायला मदत करणारा माणूस, हीच त्यातली युक्ती. गाऱ्हाण्यातल्या "व्हय"शी तिचं नातं मला दिसतं. संशोधकांना ते कदाचित पटणार नाही.

म्हणून आमच्या देवस्थानच्या सभेत मी एक साधा ठराव मांडला. गाऱ्हाणं जिथे घालतात त्या मंडपाच्या खांबावर सरकारच्या 'टेलिमानस' मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा, आणि आरोग्य केंद्रातलं कुणीतरी महिन्यातून एकदा येऊन बसावं. गुरवाची हरकत नव्हती. तो म्हणाला, कौल घ्यायला येणाऱ्यांतल्या कितीजणांना देवापेक्षा डॉक्टरची गरज आहे ते मला चेहऱ्यावरून कळतं. खजिनदार मात्र म्हणाले, "देवळांत पिशांच्या (वेड्यांच्या) डॉक्टराचो बोर्ड? लोक कितें म्हणटले?" ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. तोवर गुरवाने क्रमांक एका कागदावर लिहून घेतला आणि पंचांगात घालून ठेवला.